दुचाकीचा साक्षीदार : पुढचा-मागचा कॅमेरा कसा निवडावा?

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये हल्ली अधूनमधून एखादी गाडी अशी दिसते, की हेडलाइटखाली एक काळी डबी आणि मागे नंबरप्लेटच्या वर दुसरी. मग भोवती घोळका जमतो आणि प्रश्न सुरू होतात. "फोर-के आहे का रे?" "वायफाय आहे?" "बिबट्या आडवा आला तर दिसेल का?" जुन्नर-आंबेगावात राहून बिबट्याचा प्रश्न चुकणार नाहीच! पण कॅमेरा घेताना जो पहिला प्रश्न विचारायला हवा, तो सहसा कुणी विचारत नाही. उद्या कुणी धडक देऊन पळून गेलं, तर त्या गाडीचा नंबर या कॅमेऱ्यात वाचता येईल का? बाकी सगळं नंतर.

नंबर एवढा महत्त्वाचा का?

आपले रस्ते आठवा. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा असा पुणे-नाशिक महामार्ग. आळेफाट्यावरून ओतूर, मढ करत माळशेज घाटात जाणारा कल्याणचा रस्ता. घोडेगाव-डिंभे मार्गे भीमाशंकर. टोमॅटोच्या दिवसांत रात्री-अपरात्री पळणारे पिकअप आणि उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. त्यातल्या कित्येक ट्रॉल्यांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर.

माझ्या चुलतभावाला कळंबच्या अलीकडे रात्री मागून धक्का बसला. पाय दोन ठिकाणी मोडला. गाडी थांबली नाही. कागदावर शब्द आले, "अज्ञात वाहन". या दोन शब्दांचा अर्थ पैशांत काय होतो, ते तेव्हा कळलं. मोटार वाहन कायद्याच्या १६१ व्या कलमाखाली १ एप्रिल २०२२ पासून जी योजना लागू आहे, तिच्यात अज्ञात वाहनाच्या धडकेत गंभीर दुखापत झाली तर ५० हजार आणि मृत्यू झाला तर २ लाख रुपये ठरलेले आहेत. नंबर हातात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तिथे उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व या सगळ्याचा हिशेब होतो आणि त्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळू शकते. म्हणजे सगळा फरक एका नंबरप्लेटचा.

थोडं गणित

आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा जाहिरात सोडून आकडे धरू. मोटारीच्या आणि ट्रकच्या नंबरप्लेटवरचं अक्षर नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंच असतं. अक्षर वाचता यायचं तर स्क्रीनवर त्याची उंची निदान आठ-दहा पिक्सेल हवी, असा माझा अनुभव आहे.

आता कॅमेऱ्यासमोर १० मीटरवर गाडी आहे असं समजा. लेन्सचा आडवा कोन १२० अंश असेल, तर त्या अंतरावर कॅमेरा २ × १० × टॅन ६० म्हणजे सुमारे ३४.६ मीटर रुंदीचं दृश्य पाहतो. फुल एचडीचे १९२० पिक्सेल त्यावर पसरले, की मीटरला ५५ पिक्सेल येतात. ६५ मिलिमीटरच्या अक्षराला उरतात साडेतीन! नंबर म्हणजे नुसता डाग.

हेच गणित फोर-के, म्हणजे ३८४० पिक्सेल घेऊन केलं, तर अक्षराला सुमारे ७.२ पिक्सेल मिळतात. आणि १४४० पीचा कॅमेरा (२५६० पिक्सेल) ९० अंशांच्या लेन्ससह घेतला तर? दृश्याची रुंदी २० मीटर, मीटरला १२८ पिक्सेल, अक्षराला ८.३. म्हणजे अरुंद कोनाचा कमी पिक्सेलवाला कॅमेरा रुंद कोनाच्या फोर-केपेक्षा नंबर जास्त चांगला वाचतो! वाइड लेन्स कडा दाबून मध्यभागी जास्त पिक्सेल देते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे याहून थोडे बरे येतात, पण हिशेबाची दिशा हीच. "१७० अंश" असं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं असेल तर हुरळून जाऊ नका. बऱ्याचदा तो कोन कर्णाचा असतो, आडवा नव्हे.

पुढचा भारी की मागचा?

बजेट विद्यार्थ्याचं, म्हणून हा प्रश्न येतोच. मागून धडक देणारी गाडी आधी मागच्या कॅमेऱ्यात येते. ती जवळ येतेच, तेव्हा मागे १२० अंशांचा साधा फुल एचडीसुद्धा चालतो. ३ मीटरवर तो अक्षराला १२ पिक्सेल देतो. पळताना तीच गाडी आपल्या पुढे जाते आणि तिची मागची प्लेट पुढच्या कॅमेऱ्यासमोर लांब लांब जाऊ लागते. थोडक्यात, धडक कशी झाली ते मागचा कॅमेरा सांगतो आणि कोण पळालं ते बहुधा पुढचा. पैसे पुढच्यावर जास्त घाला, पण मागचा वगळू नका.

रात्र, पाऊस आणि गाडीची थरथर

रात्री उजेड कमी, म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. समजा १/३० सेकंद. शेजारून आपल्यापेक्षा ताशी ७२ किलोमीटरने जास्त वेगात गेलेली गाडी तेवढ्यात ६७ सेंटिमीटर सरकते आणि लांब प्लेटची लांबीच ५० सेंटिमीटर. नंबर पुसला जाणारच. सरळ पुढे पळणारी गाडी त्या मानाने कमी पुसट येते. शिवाय नव्या सुरक्षा नंबरप्लेट प्रकाश परत फेकतात, त्यामुळे आपल्याच हेडलाइटमध्ये त्या पांढऱ्याफटक दिसतात. सेटिंगमध्ये एक्स्पोजर एक पायरी खाली आणलं, तर चित्र काळोखं दिसतं, पण नंबर उमटतो.

आपल्या एक सिलिंडरच्या गाड्या ५००० आरपीएमला सेकंदाला ८३ वेळा थरथरतात. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे या थरथरीने चित्र जेलीसारखं हलतं. म्हणून कॅमेरा लोंबत्या पत्र्यावर नको. भक्कम जागी, मध्ये रबर घालून बसवा. मोबाइल हँडलला लावून काम भागवायचा विचार असेल तर सोडून द्या. मोटरसायकलच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता.

पाण्यासाठी आयपी ६७ पाहा. मात्र त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात अर्धा तास, प्रेशर वॉशरचा फवारा नव्हे. माळशेजच्या पावसात कॅमेरा तगेल, पण मागच्या लेन्सवर चाकाचा चिखल उडणारच. गाडी काढताना नंबरप्लेटबरोबर लेन्सही पुसायची सवय लावा.

वीज आणि कार्ड

दोन कॅमेऱ्यांची जोडी साधारण ७ वॅट घेते. १२ व्होल्टवर, तोटा धरून, ०.७ अँपिअर. कित्येक १०० सीसी गाड्यांची बॅटरी जेमतेम ३ ते ४ अँपिअर-अवरची. कनेक्शन थेट बॅटरीवर दिलं तर लेक्चर संपेपर्यंत बॅटरी बसलेली! म्हणून चावी फिरवल्यावरच वीज येईल अशा वायरला जोडा, मध्ये २ अँपिअरचा फ्यूज टाका आणि वायरच्या रंगावर न जाता मल्टिमीटर लावून बघा.

१२ चे ५ व्होल्ट करणारा फालतू कन्व्हर्टर घेऊ नका. तो रेडिओ गोंगाट करतो आणि कॅमेऱ्याचा जीपीएस हरवतो. गोंगाट किती नडतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको. खोडदची ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण इथे उभारली गेली, त्याचं एक कारण म्हणजे या भागात असा गोंगाट कमी होता.

अपघातात वीज तुटली तरी शेवटची फाइल बंद व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. त्यासाठी आत सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घ्या. उन्हातही तो लिथियम बॅटरीपेक्षा बरा. कार्ड "हाय एन्ड्युरन्स" हवं. दोन्ही मिळून ३२ मेगाबिट प्रतिसेकंद धरले तर तासाला १४.४ जीबी, म्हणजे ६४ जीबीत सुमारे साडेचार तास. जी-सेन्सर कमी संवेदनशील ठेवा, नाहीतर प्रत्येक खड्डा त्याला अपघात वाटतो, फाइल लॉक होते आणि कार्ड भरून जातं.

पुरावा म्हणून

व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो आणि नंबर तिथेच मरतो. अपघातानंतर कार्ड काढून तसंच जपा आणि दुसरं घाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानुसार कॉपी दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. मूळ उपकरणच सादर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कायद्याखाली सांगितलं होतं. तो खटला आपल्याच जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतून निघाला होता आणि वादाचं मूळ होतं व्हिडिओ रेकॉर्डिंग! हेही लक्षात असू द्या, की जीपीएसमुळे आपला स्वतःचा वेगही त्याच फाइलमध्ये नोंदला जातो. साक्षीदार दोन्ही बाजूंचं सांगतो.

घेण्याआधी एवढं करा

ज्याच्याकडे कॅमेरा आहे त्याची गाडी ग्राउंडवर उभी करा. टेपने ३, ५ आणि १० मीटर मोजून समोर एखादी मोटार लावा. एकदा दुपारी, एकदा रात्री हेडलाइट चालू ठेवून शूटिंग करा आणि मूळ फाइल कॉम्प्युटरवर उघडा. नंबर वाचता आला तर घ्या, नाही तर कितीही स्वस्त असो, राहू द्या. कॅमेरा धडक थांबवत नाही. ते काम हेल्मेटचं, ब्रेकचं आणि आपल्या डोक्याचं. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या घरच्यांना "अज्ञात वाहन" एवढंच ऐकून परत यावं लागू नये, यासाठी तरी तो नीट पारखून घ्या.