तीव्र रक्तकर्करोग : मूळपेशींचा दाता आणि भावाचे रक्त

तीव्र रक्तकर्करोगात अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते व निरोगी रक्त तयार होणे थांबते. ताप व अशक्तपणा दिसला की आपल्या जिल्ह्यात प्रथम मलेरिया वा सिकलसेलचा विचार होतो, आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र जोडीला हिरड्यांतून रक्त येऊ लागले वा अंगावर निळे-लाल डाग उमटले, तर रक्तपेशींची तपासणी त्याच दिवशी व्हावी.

केमोथेरपीने बऱ्याच प्रौढांचा रोग ओसरतो. परंतु अनेकांत तो उलटतो. ज्यांना हा धोका अधिक, त्यांना रोग प्रथम ओसरलेला असतानाच दात्याच्या मूळपेशी देणे इष्ट. भारतातील असे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती आणि दाता तिचा भाऊ.

सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते. अर्धी जुळणी असलेले आईवडील किंवा अपत्येही आता दाते होऊ शकतात. ‘हाड काढून घेतात’ ही भीती आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते. हाड काढीत नाहीत. बहुधा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूळपेशी रक्तात आणतात व शिरेतून यंत्राद्वारे गोळा करतात. सिकलसेलचा वाहकही तज्ज्ञांच्या तपासणीनंतर दाता होऊ शकतो; सिकलसेलचा रुग्ण मात्र नाही.

प्रत्यारोपणासाठी रुग्णास मोठ्या केंद्रात पाठवावे लागते, पण एक काळजी येथेच घ्यावयाची असते. रक्त हवे म्हटले की सख्खा भाऊच प्रथम हात पुढे करतो. त्याच्या मायेविषयी शंका नाही. परंतु त्याचे रक्त रुग्णास चढविल्यास रुग्णाचे शरीर त्या पेशींविरुद्ध सज्ज होते आणि पुढे त्याच भावाच्या मूळपेशी नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. म्हणून भावाने रक्तपेढीत रक्त अवश्य द्यावे, ते दुसऱ्या रुग्णास जावे, आणि आपल्या रुग्णास नात्याबाहेरील दात्याचे मिळावे. आईवडील व मुलांनाही हेच लागू.

ही अदलाबदल पेढीत साठा असेल तरच शक्य होते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि प्लेटलेट तर जेमतेम पाच दिवस टिकतात. पावसाळ्यात दाते पोहोचू शकत नाहीत, म्हणून ऐच्छिक दात्यांचे रक्तगट व पत्ते मे महिन्यातच नोंदवून ठेवावेत, अशी आमची विश्वस्तांस विनंती आहे.