गोंजियामचें रुग्णालय : एका भयपटाचा अभ्यास

ऐकलेलें खोटें असूं शकेल, पण डोळ्यांनीं पाहिलेलें खोटें कसें असेल, असें आपण सहज म्हणतों. विद्यार्थिमित्रहो, चित्रपटाच्या युगांत हा भरंवसा फार काळ टिकत नाहीं. त्याची साक्ष ‘गोंजियाम’ हा दक्षिण कोरियांतील भयपट देतो. जंग बम-शिक ह्या दिग्दर्शकाची ही कृति २०१८ सालच्या मार्च महिन्यांत प्रदर्शित झाली.

ह्या जातीच्या चित्रपटास ‘सांपडलेल्या चित्रणाचा चित्रपट’ म्हणतां येईल. त्यांतील युक्ति अशी : कथेंतील माणसेंच कॅमेरा घेऊन चित्रण करीत असतात; पुढें त्यांचें कांहीं बरेंवाईट होतें; आणि मागें राहिलेलें तें चित्रण आपणांस जसेंच्या तसें दाखविलें जात आहे, असा भास उत्पन्न केला जातो. युक्ति तशी जुनीच. ब्रॅम स्टोकर ह्याची ‘ड्रॅक्युला’ ही १८९७ सालची कादंबरी रोजनिशा, पत्रें व वर्तमानपत्रांतील मजकूर ह्यांचीच गुंफलेली आहे. चित्रपटांत १९९९ सालीं ‘ब्लेअर विच प्रॉजेक्ट’ ह्या अमेरिकन चित्रानें ही रीत लोकप्रिय केली. त्यांतील नट खरोखरच बेपत्ता आहेत, अशा जाहिराती त्या वेळीं लावण्यांत आल्या, आणि पुष्कळांनीं त्या खऱ्या मानल्या.

गोंजियामची कथा थोडक्यांत अशी. इंटरनेटवर भुताटकीचे कार्यक्रम दाखविणारी एक मंडळी रात्रीं एका ओसाड मनोरुग्णालयांत शिरते. सहा जण आंत जातात; म्होरक्या बाहेर तंबूंत बसून सूत्रें हालवितो. ४०२ क्रमांकाची बंद खोली उघडावयाची, असा बेत असतो. पाहणारांचा आकडा दहा लाखांवर गेला कीं पुष्कळ द्रव्य मिळणार. म्हणून त्यानें दोघां सोबत्यांशीं संगनमत करून कांहीं ‘चमत्कार’ आधींच रचून ठेवलेले असतात. पुढें मात्र रचलेल्यामागून न रचलेलें घडूं लागतें. आंतील माणसें परत फिरूं पाहतात. म्होरक्याची दृष्टि आकड्यावरच खिळलेली राहते. आणि तो आकडाही शेवटीं खोटा ठरतो! भुतांपेक्षां हा लोभच अधिक भयंकर वाटतो.

भय उत्पन्न करण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहींच. केवळ श्वास, पावलें व दारांची करकर. बहुतेक चित्रण नटांनींच केलेलें आहे. त्यांच्या अंगावरील एक कॅमेरा समोरचा अंधार दाखवितो, दुसरा त्यांचेंच तोंड. म्हणजे भ्यालेला चेहरा आपणांस दिसतो, पण तो कशास भ्याला तें दिसत नाहीं. ही उणीव आपलेंच मन भरून काढतें.

आतां चित्रपटाबाहेरील हकीकत पाहूं. ग्योंगी प्रांतांत ग्वांगजू शहराच्या हद्दींत गोंजियामचें रुग्णालय खरोखरच होतें. तें १९९६ सालीं बंद पडलें. कारणें अगदीं रूक्ष होतीं : सांडपाण्याच्या निचऱ्याची अडचण आणि पैशांची चणचण. परंतु ओसाड घरास कथा लवकर चिकटतात. तेथें रोगी गूढ रीतीनें मेले, अशा वावड्या उठल्या. २०१२ सालीं सीएनएन ह्या अमेरिकन वृत्तसंस्थेनें जगांतील सात विलक्षण भयाण स्थळांत त्याची गणना केली. कुतूहलानें आलेले तरुण विनापरवाना आंत शिरूं लागले. चित्रपटाविरुद्ध मालकानें न्यायालयाकडे धांव घेतली. पण कथा उघडच काल्पनिक आहे, असें ठरवून न्यायालयानें मनाई नाकारली. २६ लाखांहून अधिक प्रेक्षकांनीं तो चित्रपट पाहिला. त्याच वर्षीं मे महिन्यांत ती इमारत पाडण्यांत आली.

मौज अशी कीं, पडद्यावरील इमारत ती नव्हेच! चित्रण झालें तें बुसान येथील एका बंद पडलेल्या सागरी विद्यालयांत. ज्या खोल्या पाहून प्रेक्षकांस कांपरें भरलें, तेथें एके काळीं मुलें धडे गिरवीत होतीं.

अशा वावड्यांनीं कोणाचें काय बिघडतें, असें कोणी विचारील. बिघडतें तें आजाऱ्यांचें. मनाचा रोग हा इतर रोगांसारखाच रोग आहे. पण त्याचें रुग्णालय म्हणजे भुतांचें घर, अशी कल्पना रूढ झाली कीं रोगी व त्याचे आप्त तेथें जाण्यास लाजतात, आणि उपचारांवांचून दुखणें वाढतें. आपल्याकडेही ‘ह्याला ठाण्यास पाठवा’ असें थट्टेनें म्हणतात. तें ऐकणाऱ्या एखाद्या घरीं खरोखरच कोणी आजारी असेल, हें बोलणाराच्या ध्यानांतही येत नाहीं.

तेव्हां असें कांहीं चित्र समोर आलें म्हणजे तीन प्रश्न विचारावे. हें कोणीं टिपलें? तें दाखविल्यानें कोणाचा लाभ आहे? आणि चौकटीबाहेर काय राहिलें आहे? पालकांसही एक विनंति : असे चित्रपट लहान मुलांसाठीं नव्हेत, मोठ्या मुलांनीं पाहिलेच, तर दुसऱ्या दिवशीं त्यांच्याशीं अवश्य बोलावें. रात्रीचें भय दिवसाच्या उजेडांत बोलून दाखविलें कीं तें निम्में होतें. आणि कॅमेऱ्याचें कांपणें म्हणजे पुरावा नव्हे, हेंही मग मुलांस सहज उमगतें.