गळाची काठी

कर्ली नदी समुद्राला मिळण्यापूर्वी तिच्या खाडीच्या काठाने ठिकठिकाणी कांदळाची झाडी लागते. कांदळाची मुळे खोडातून कमानीसारखी बाहेर पडून चिखलात उतरतात. भरतीचे पाणी चढले की या मुळांच्या आडोशाला तांबोशीसारखे मासे येतात आणि माशांच्या मागोमाग गळ टाकणारी माणसेही येतात. कोकणात गळाला गरी म्हणतात व गळ टाकून मासे धरण्याला गरवणे.

या खाडीकाठच्या एका घरात माणगा जातीच्या बांबूची दहा फुटी काठी होती. माणगा जवळजवळ भरीव असतो, म्हणून गरीच्या काठीला तो उत्तम. आजोबांनी ती काठी स्वतः बेटातून निवडून आणली होती, सावलीत वाळवली होती आणि धगीवर शेकून हळूहळू सरळ केली होती. अलीकडे त्यांना खाडीच्या चिखलात उतरवत नसे. तथापि काठीला तेल लावून ती पडवीच्या आढ्याला आडवी ठेवण्याचे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

एके दिवशी नातवाने ती कोणालाही न विचारता खाली काढली आणि खाडी गाठली. थोड्याच वेळात गळ कांदळाच्या मुळात अडकला. मुलाने काठी उभी धरून जोराने हिसडा दिला. कडाड् असा आवाज झाला. शेंड्यापासून हातभर खाली काठी मोडून तिचे दोन तुकडे तंगुसाला लोंबू लागले!

ते तुकडे त्याने गोठ्यामागे गवतात लपवले. दोन दिवस त्याच्या घशाखाली घास नीट उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो आजोबा अंगणात बसलेले आणि दोन्ही तुकडे त्यांच्या मांडीवर!

“मोडली कशी, ते आधी सांग,” ते म्हणाले.

मुलाने खाली मान घालून सारे सांगितले. आजोबा रागावले नाहीत. मात्र त्यांचा चेहरा उतरला होता, आणि ते रागावण्यापेक्षा कठीण होते.

“काठी पुढे झुकलेली असली म्हणजे ओढ शेंड्यापासून बुडख्यापर्यंत वाटली जाते,” ते म्हणाले. “तू ती उभी धरलीस, तेव्हा सारा भार एकट्या शेंड्यावर आला. गळ अडकला तर काठी खाली ठेवायची, तंगूस एखाद्या लाकडाला गुंडाळायचे आणि सरळ ओढायचे. तुटायचे असेल तर तंगूस तुटू दे.”

“आजोबा, मध्ये एक खिळा ठोकला तर?”

“बांबूचे तंतू उभे असतात रे. खिळ्याने तो उभा चिरेल. आपण आंब्याचे कलम बांधतो, ते आठव.”

मुलाला वाट सापडली. कलम बांधताना दोन्ही फांद्यांना लांब काप देऊन त्या एकमेकींना भिडवतात. येथेही तसेच करावयाचे होते. मोडलेल्या जागेचे पिंजलेले तंतू त्याने दोन्हीकडून तीन तीन सेंटिमीटर कापून टाकले. कारण चिरलेल्या भागावर सांधा टिकत नाही. तेथे काठीची जाडी ८ मिलिमीटर होती. काप जाडीच्या निदान दसपट लांब हवा, म्हणून ८ सेंटिमीटरांवर खूण केली. आखूड कापाला चिकटण्यास जागा थोडी मिळते आणि वाकताना तो उघडतो.

खरी कसोटी काप सपाट करण्याची होती. सुरीने तासल्यावर मुलाने कानस घेतली. तो काप एकमेकांवर ठेवी, उजेडासमोर धरी, फट दिसली की पुन्हा घाशी. तीन वेळा आजोबांनी मान हलवून तुकडे परत दिले. दुपार टळली तेव्हा कोठे मधून उजेड दिसेनासा झाला. बाहेरची साल मात्र त्यांनी तासू दिली नाही. कारण बांबूचे मजबूत तंतू सालीलगतच दाट असतात.

साधा सरस पाण्याने सुटतो. म्हणून दोन द्रव्ये मिसळून होणारा इपॉक्सीचा गोंद आणला, दोन्ही कापांना लावला आणि सांधा दोऱ्याने आवळून पूर्ण एक दिवस तसाच ठेवला.

नुसत्या गोंदावर मुलाचा विश्वास बसेना. परंतु एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर बांबूच्या सहा पट्ट्या तासून व चिकटवून षट्कोनी काठ्या बनवू लागले होते. आरंभी त्यासाठी बांबू कलकत्त्याहून जात असे. अशा काठीत शेंड्यापासून बुडख्यापर्यंत सांधेच सांधे असतात आणि तरी ती मोठा मासा पेलते!

दुसऱ्या दिवशी आवळलेला दोरा सोडून सांध्यावर बारीक नायलॉनचा दोरा गुंडाळला. वाकताना कापाची पातळ टोके वर उचलली जाऊ नयेत, हे त्याचे काम. दोऱ्याचे पहिले टोक वेढ्यांखालीच दाबले. शेवटचे आठ-दहा वेढे उरले तेव्हा एका वेगळ्या दोऱ्याचा फासा काठीवर आडवा ठेवून त्याच्यावरून वेढे घेतले, उरलेले टोक फाशात ओवले आणि फासा ओढताच ते टोक वेढ्यांच्या पोटात गेले. गाठ कोठेच दिसेना. मुलाला हे इतके आवडले की त्याने ते मुद्दाम उलगडून पुन्हा केले. त्यावर व्हार्निशचे तीन पातळ हात दिले.

काठी पाऊण वीत आखूड झाली होती. आजोबांनी शेंड्याला तांब्या बांधला आणि नातवाच्या हाती बुडखा देऊन तांब्यात थोडे थोडे पाणी ओतले. काठी वाकू लागली. मुलाने श्वास रोखला. सांध्याजवळ ती किंचित ताठ राहिली, परंतु कमान कोठेही मोडली नाही.

“उद्या भरती सकाळी आहे,” आजोबा एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाणी चढत असता गळ पुन्हा मुळात अडकला. मुलाने काठी हलकेच काठावर ठेवली, तंगूस लाकडाला गुंडाळले आणि ओढले. तट् असा आवाज झाला. गळ गेला. मुलाने खिशातून दुसरा गळ काढला आणि तो बांधावयास बसला.