शेड कार्ड सगळ्यात शेवटी

घरात रंगकाम काढायचं ठरलं की सगळ्यांच्या उड्या आधी शेड कार्डावर पडतात. मुलीला लव्हेंडर हवा असतो, सासूबाईंना फिका पिवळा, आणि ‘काय ते ठरवा एकदाचं’ म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतोच. आमच्याकडेही दिवाळीच्या तोंडावर हेच चाललं होतं. डोंबिवलीतली जुनी इमारत, बेडरूमची भिंत पश्चिमेची. पावसाचा सगळा मारा तिच्यावर. खिडकीखालचा काळपट डाग मी रंगाऱ्याला दाखवला. “ताई, पुट्टी मारून दोन हात दिले की डाग कुठे होता तेही सापडणार नाही,” तो म्हणाला.

दिवाळीत भिंत झकास दिसली. थंडी सरायच्या आत त्याच जागी फुगे आले. नख लावलं तर रंगाचा पापुद्रा पुट्टीसकट सुटून हातात आला आणि मागे दिसलं पांढरं, मिठासारखं पीठ. भिंतीला लोणा लागला होता. ओल बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणते. पाणी उडून जातं, क्षार तिथेच साचतात आणि वरचा थर ढकलून देतात. रंग स्वस्तातला असो की भारीतला, त्यांना फरक पडत नाही.

तेव्हा पहिली तपासणी ओलीची. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं, तर पाणी भिंतीतूनच येतंय. मग आधी बाहेरच्या भेगा, खिडकीची कड, पलीकडच्या बाथरूमचा पाइप बघायचा, रंगाचं नंतर. नवा गिलावा असेल तरी किमान 28 दिवस पाणी आणि हवा मिळाल्याशिवाय रंगाला हात लावू देऊ नका.

दुसरी तपासणी तळहाताची. भिंतीवर हात घासा. पांढरी भुकटी लागली तर खाली चुना किंवा जुना डिस्टेंपर आहे. तो पूर्ण खरवडून काढल्याशिवाय वर प्लास्टिक पेंट टिकत नाही. कोकणात गावाकडे जांभ्याचं, चुन्याच्या गिलाव्याचं जुनं घर असेल तर त्याला प्लास्टिक पेंट नकोच. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते, प्लास्टिक पेंटमागे ती कोंडते.

तिसरी तपासणी बॅटरीची. रात्री दिवे मालवून मोबाइलची बॅटरी भिंतीला चिकटून तिरपी धरा. सगळे उंचवटे-खळगे उघडे पडतील. अशा भिंतीला चकाकी असलेला रंग दिला तर प्रत्येक खळगा उठून दिसतो. मॅट रंग तो झाकतो. मात्र मॅटवर तेलाचे हात आणि मुलांची चित्रकला सहज पुसली जात नाही. म्हणून हॉल-बेडरूमला मॅट, स्वयंपाकघराला आणि मुलांच्या खोलीला पुसता येणारा, थोडी चकाकी असलेला रंग, आणि छताला साधा पांढरा मॅट, ही वाटणी बहुतेक घरांना मानवते.

आता शेड. कार्डावरच्या बोटभर चौकोनात फिका वाटणारा रंग चार भिंतींवर चढला की गडद होतो, कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात. समोर आंब्याचं झाड असेल तर उजेड हिरवट येतो, समोर इमारत असेल तर तिच्या रंगाचा. पांढऱ्या ट्यूबखाली छान दिसणारा राखाडी पिवळ्या दिव्याखाली मळकट होतो. त्यामुळे पसंतीच्या दोन-तीन शेडचे लहान डबे आणून दोन बाय दोन फुटांचे पट्टे दोन वेगळ्या भिंतींवर ओढा. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघा. मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही.

हिशेब स्वतः करा. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली धरली तर चार भिंती 440 चौरस फूट, छत 120. दारं-खिडक्या वजा करा आणि एक लिटर दोन हातांत किती जागा भरतो ते डब्यावर वाचा. पाणी किती घालायचं तेही तिथेच छापलेलं असतं. रंगात जास्त पाणी गेलं की दोन हातांचं काम तीन हातांवर जातं. दोन डबे लागणार असतील तर आधी एका बादलीत एकत्र ढवळून घ्या, नाहीतर भिंतीवर दोन छटा दिसतात. झाकणावरच्या शेड कोडचा फोटो काढून ठेवा.

जुन्या दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटची मात्र वेगळी काळजी घ्या. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ते कोरडे घासू देऊ नका, पाणी लावून घासायला सांगा. तेवढा वेळ मुलांना आणि गरोदर बाईला घरात ठेवू नका.

आणि शेवटचं, ओल्या भिंतीला दिवाळीसाठी रंग देऊ नका. पाहुणे फराळ करून जातात, पोपडे वर्षभर आपल्याला बघावे लागतात. गळती बंद करा, भिंत वाळू द्या आणि रंगारी संक्रांतीनंतर बोलवा. तेव्हा त्यालाही घाई नसते.