जलसेतू आणि नित्यकर्म

आपल्या महाजन कुटुंबांतील मुले अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी युरोपात जाऊ लागली, की वडीलधाऱ्यांच्या मनात एक शंका डोकावते : तिकडची भव्यता पाहून यांना आपले देऊळ, आपली तळी क्षुद्र तर वाटणार नाही ना? आमच्या मते ही शंका अनाठायी आहे. डोळसपणे पाहणाऱ्यास परदेशातील प्राचीन वास्तूही स्वधर्माचाच पाठ देतात. आज अशाच एका वास्तूचा विचार करू.

दक्षिण फ्रान्समध्ये नीम नावाचे शहर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोकांनी उझेसजवळच्या झऱ्याचे पाणी तेथे आणले. झरा आणि शहर यांमधील सरळ अंतर वीसेक किलोमीटर. परंतु डोंगर टाळीत वळणे घ्यावी लागल्यामुळे कालव्याची लांबी सुमारे ५० किलोमीटर झाली. एवढ्या अंतरात उतार मिळाला तो अवघा साडेबारा मीटरांच्या आसपास, म्हणजे दर किलोमीटरला सरासरी पाव मीटर! वाटेत गार्दों नदी आडवी येते. तिच्यावर कमानींच्या तीन रांगा एकीवर एक रचून सुमारे ४९ मीटर उंचीचा जलसेतू बांधला. तोच ‘पाँ द्यु गार’ होय. खालच्या दोन रांगांतील प्रचंड शिळा चुन्यावाचून, केवळ घडणीच्या अचूकपणावर बसविलेल्या आहेत. कोणता दगड कोठे बसवावयाचा, याच्या खुणाही काही शिळांवर अद्याप दिसतात.

फ्रान्समध्ये शिकणारा विद्यार्थी येथे येतो, तेव्हा त्याला आणखी एक ओळखीचे नाव भेटते. प्रवाहाचा वेग मोजणारी ‘पितो नळी’ त्याने पाठ्यपुस्तकात अभ्यासलेली असते. विमानाचा वेगही आज तिच्याच साहाय्याने मोजतात. त्या नळीचा जनक आंरी पितो यानेच १७४३ ते १७४७ या काळात या जलसेतूला लागून रस्त्याचा पूल बांधला. १९८५ साली युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारशात समावेश केला.

एवढे पाहून विद्यार्थी धन्य होतो. पण खरा पाठ पुढेच आहे. हा सेतू अद्याप उभा आहे. मग त्यावरून पाणी का वाहत नाही? झऱ्याच्या पाण्यात चुन्याचा अंश होता. पाणी जड असलेल्या गावच्या गृहिणींना बंबाच्या आत धरणारे पांढरे किटण ठाऊक असते. तसाच थर कालव्याच्या भिंतींवर वर्षानुवर्षे चढत होता. जोवर कोणी तो खरवडीत होते, झाडांची मुळे उपटीत होते, गळती बुजवीत होते, तोवर पाणी वाहिले. चौथ्या शतकानंतर देखभाल ढिली पडली. थर वाढत गेले, पाट अरुंद झाला, आणि अखेर नीमचे पाणी तुटले. कमानी ढासळल्या नाहीत; साफसफाई थांबली, एवढेच झाले. पुढे मध्ययुगात लोकांनी ते साचलेले थरच इमारतीचा दगड म्हणून फोडून नेले!

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले आहेत. नित्यकर्म केल्याने विशेष फळ मिळते असे नाही. परंतु न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, घडतो. विहीर, तळे, देवालय निर्माण करणे हे पूर्तकर्म मोठे पुण्यप्रद खरे. तथापि त्याचे रक्षण हे नित्यकर्माच्याच जातीचे आहे, असे आम्हांस वाटते. सेतू बांधणाऱ्यांचे कौतुक आज जग करते. परंतु शहराला शतकानुशतके पाणी पाजले, ते दरवर्षी आत उतरून थर खरवडणाऱ्या अनाम हातांनी.

आता आपल्याकडे पाहू. नव्या सभामंडपासाठी, चांदीच्या मखरासाठी वर्गणी सहज जमते. देणगीदाराचे नाव पाटीवर कोरले जाते. परंतु तळीतील गाळ, झऱ्याच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा, चिऱ्यांच्या पायऱ्यांत शिरलेले पिंपळाचे मूळ, यांसाठी पैसा मागितला, की सभेत शांतता पसरते. गाळ काढणाऱ्याचे नाव कोणत्याही पाटीवर नसते. पूर्वजांनी ओळंबा आणि पाणसळ यांच्या आधारे बांधलेली तळी आपल्या डोळ्यांदेखत भरून येत असेल, तर तो दोष कोणाचा?

म्हणून आमची सूचना अशी : दरवर्षी वैशाखात पाणी तळाला गेले म्हणजे प्रत्येक कुटुंबाने एक दिवस तळीसाठी द्यावा. सुटीत घरी येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी झऱ्याची, पाटाची व पायऱ्यांची मोजमापे घेऊन ती देवस्थानच्या वहीत नोंदवावीत. पुढील वर्षी तुलना करता येईल. परदेशी पाहिलेल्या सेतूचे छायाचित्र मुलाने अवश्य दाखवावे. परंतु हातात घमेले घेऊन तो तळीत उतरला, तर तो पाठ त्याला खरा उमगला असे आम्ही समजू.