जुनी लाकडी जमीन घासून घेताना

पुण्या-नाशिकच्या वाड्यांच्या माड्यांवर, गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींत आणि कोकणातल्या काही घरांत फळ्यांची जमीन अजून शिल्लक आहे. बहुतेक ठिकाणी ती सागाची असते. तेल, मेण, रंग आणि धूळ यांचा थर बसून ती काळवंडली, की मशीन लावून साफ घासून घ्यावी असे घरातल्यांना वाटते. पण घासणे म्हणजे लाकूड काढून टाकणे. एका पूर्ण घासणीत अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड सहज जाते आणि ते परत येत नाही. फळ्या एकमेकींत खाच-जिभेने बसवलेल्या असतील, तर जिभेवरचे लाकूड पातळ होऊन कडा उकलू लागतात. म्हणून उंबऱ्यापाशी किंवा जिन्याच्या तोंडाशी फळीची उघडी कड शोधून, किती जाडी उरली आहे ते आधी पाहावे.

मुळात घासायची गरज आहे का, हे पाण्याचा थेंब सांगतो. जास्त वावर असलेल्या जागी थेंब टाकावा. तो मोत्यासारखा उभा राहिला, तर जुना लेप शाबूत आहे. अशा वेळी १५० नंबरच्या कागदाने वरवर खरवडून नवा हात दिला तरी भागते. मात्र आधी मेण असेल तर ते पूर्ण निघाले पाहिजे, कारण मेणावर कोणताच लेप धरत नाही. थेंब मुरून डाग गडद झाला, तरच पूर्ण घासणीचा विचार करावा. जुना लेप लाखेचा असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने तो चिकट होऊन सुटू लागतो.

जमिनीला किंवा कडेच्या पट्ट्यांना जुना ऑइलपेंट असेल तर काम तिथेच थांबवावे. घरगुती रंगांतले शिसे दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासला, की शिशाची धूळ घरभर बसते आणि रांगत्या मुलाच्या हातातून पोटात जाते. नमुना तपासून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

मशीन येण्यापूर्वी सुताराकडून हलत्या फळ्या आवळून घ्याव्यात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेल्यास वाळवीने पोखरलेली जागा पोकळ आवाजाने कळते. प्रत्येक खिळ्याचे डोके पंच लावून दोन-तीन मिलिमीटर खाली बसवावे. डोके वर राहिले तर कागद फाटतो, शिवाय ठिणगी धुळीच्या पिशवीत गेल्यास आग लागते.

सर्वांत जास्त नासाडी होते ती हातग्राइंडरने. जमिनीसाठी बनवलेले ड्रमचे मशीन आपल्याकडे सहज मिळत नाही. पॉलिशवाले फर्निचरची किंवा फरशीची अवजारे घेऊन येतात. प्रस्तुत लेखकाच्या घरच्या माडीवर एका कंत्राटदाराच्या माणसांनी ग्राइंडरला खरखरीत चकती लावून काम उरकले. धुळीत जमीन एकसारखी दिसत होती. लेपाचा दुसरा हात वाळला आणि संध्याकाळचे तिरके ऊन आत आले, तेव्हा फळीफळीवर चंद्रकोरीसारखे खड्डे उमटलेले दिसले. ते काढायला सगळा लेप उतरवून पुन्हा घासावे लागले, म्हणजे लाकूड दोनदा गेले.

हे टाळण्याचा उपाय सोपा आहे. घासण्यापूर्वी पेन्सिलने फळ्यांवर आडव्या वेड्यावाकड्या रेघा ओढाव्यात. रेघ जिथे उरली, तिथे कागद पोचलेला नाही. मोठ्या भागाला पट्ट्याचे मशीन लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवावे आणि चालू असताना क्षणभरही एका जागी ठेवू नये. कागद ४० किंवा ६० नंबरपासून सुरू करून ८० आणि मग १०० ते १२० असा चढवत न्यावा. मधला नंबर गाळला, तर आधीच्या कागदाचे ओरखडे तसेच राहतात. कोपरे खरवडणीने आणि हाताने करावेत. प्रत्येक टप्प्यानंतर खोली अंधारी करून बॅटरी जमिनीवर आडवी ठेवावी. जे ऊन नंतर दाखवणार असते, ते ती आधीच दाखवते.

लाकडाची धूळ निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे, आणि सागाच्या धुळीने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. तोंडाला नुसता रुमाल बांधणे पुरत नाही. एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क हवा, आणि तो काम करणाऱ्या कारागिरालाही द्यावा.

पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत लाखेचा लेप पांढरट पडतो आणि इतर लेप वाळता वाळत नाहीत. हिवाळा-उन्हाळ्यात फळ्या आकसून फटी रुंद दिसतात, पण त्या लांबीने गच्च भरू नयेत. पावसात लाकूड फुगले की भरलेली लांबी तुटून वर येते.

शेवटचा लेप कोणता, हे वापरावर ठरते. लाखेचे पॉलिश कपाटावर शोभते, पण जमिनीवर सांडलेले पाणी त्याला पांढरे करते. रोजच्या वावराला पॉलियुरेथेन टिकाऊ. सागात स्वतःचे तेल असल्याने लेपाच्या थोडे आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर लेप पापुद्र्यासारखा सुटतो. थिनरची वाफ पेट घेऊ नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, देवघरातला दिवासुद्धा विझवलेला असावा. डबा हलवू नये, काठीने हळू ढवळावा. बुडबुडे तसेच वाळतात. पातळ तीन हात द्यावेत आणि मधल्या वेळी २२० नंबरचा कागद हलका फिरवून धूळ टिपावी.

जवसाचे तेल वापरले असेल, तर त्यात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवावीत. लेप हाताला कोरडा लागला तरी पूर्ण कडक व्हायला आठवडे जातात; तोवर सतरंजी अंथरू नये आणि कपाट ओढत न नेता उचलून ठेवावे.