मानदुखीचा ताळेबंद

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आकड्यांची वाण नसते. २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. या साऱ्याचा हिशेब धर्मादाय कार्यालयास द्यावा लागतो. बाह्यरुग्ण, क्ष-किरण तपासण्या, फिजिओथेरपीच्या बैठका यांचीही बेरीज आम्ही करतो. मात्र मान धरलेली भगिनी उपचारानंतर पुन्हा डोक्यावर हंडा घेऊ शकली काय, यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. प्रस्तुत टिपण त्या रकान्याविषयी आहे.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मानदुखीला कारणे पुष्कळ आहेत. पाण्याची वणवण, डोक्यावरचे ओझे, खड्ड्यांतून धावणारी दुचाकी. आणि ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांतील मुले तासन्‌तास वहीवर वाकलेली असतात, तीही. उपचारांचे मार्गही तितकेच. कोणी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो, कोणी हाडवैद्याकडे, तर कोणी केशकर्तनालयात दाढीनंतर मान कडकन वाजवून घेतो. मणके हाताने हलविण्याची कायरोप्रॅक्टिक ही पद्धत १८९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी सुरू केली. त्यांचे पुत्र बी. जे. पामर यांनी पुढे मानेच्या वरच्या दोन मणक्यांवरच सारा भर दिला. याच भागाविषयी आम्हांस सावधगिरी हवी असे वाटते. मानेला झटका दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. त्या विरळ आहेत. परंतु ज्याच्यावर ओढवते त्याचे घर बसते. शिवाय आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आढळतो, आणि जुन्या आमवातात वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल झालेला असू शकतो. म्हणून ताप, वजन घटणे, हातापायांतील बळ कमी होणे, चक्कर येणे यांची विचारपूस डॉक्टरांनी केल्याविना मानेस हात लावू नये, हे आम्ही आधी सांगतो. मोजमाप त्यानंतर.

मोजमापाचे एक चांगले साधन मात्र कायरोप्रॅक्टिकच्याच वर्तुळातून आले, हे मोकळेपणाने नमूद केले पाहिजे. कॅनडातील हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मायर यांनी १९९१ मध्ये ‘नेक डिसॅबिलिटी इंडेक्स’ प्रसिद्ध केला. त्यात वेदना, स्वतःची कामे, वजन उचलणे, वाचन, डोकेदुखी, एकाग्रता, व्यवसाय, वाहन चालविणे, झोप आणि करमणूक असे १० प्रश्न असून प्रत्येकास ० ते ५ गुण आहेत. बेरीज जितकी अधिक तितका त्रास अधिक. आता वाहन चालविण्याचा प्रश्न शेतमजूर स्त्रीस विचारून काय उपयोग? तो वगळून उरलेल्या ४५ गुणांवर टक्केवारी काढता येते. १८ गुण आले तर ४० टक्के. वाचता न येणाऱ्या रुग्णास प्रश्न तोंडी विचारावेत, पण उत्तर सुचवू नये. सोबत आलेल्या पतीने वा मुलाने तर मुळीच देऊ नये.

आम्हांस अधिक भावलेले साधन १९९५ मध्ये कॅनडातच तयार झाले. त्यात प्रश्न ठरलेले नसतात. रुग्णाने आपणांस अवघड जाणारी तीन ते पाच कामे स्वतः सांगावीत आणि प्रत्येकास ० ते १० गुण द्यावेत: ० म्हणजे जमतच नाही, १० म्हणजे पूर्वीसारखे जमते. एखादी सांगेल, हंडा उचलणे, भाकरी थापणे, रात्री कूस बदलणे. दीड महिन्यानंतर तीच कामे, तीच विचारणा. उपचार करणाऱ्याला काय साधले हे दुय्यम. तिला भाकरी थापता येते की नाही, हे मुख्य.

येथे हिशेबनीसाची शंका उपयोगी पडते. मानदुखी पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआपही उतरते. तेव्हा प्रत्येक सुधारणा उपचाराच्या खात्यावर जमा करणे रास्त नव्हे. पहिल्या प्रश्नावलीत ५० पैकी एकदोन गुणांचा फरक हाही प्रगतीचा पुरावा नव्हे. तेवढा चढउतार उत्तरे देतानाच होतो. सर्वांत मोठी अडचण न परतणाऱ्यांची. सोयाबीनची काढणी आली की रुग्ण शेतावर, ऊसतोडीचा हंगाम लागला की जिल्ह्याबाहेर. जे परत येतात त्यांचीच टक्केवारी छापली तर ती वसूल झालेल्या बिलांवरून एकूण उधारी ठरविण्यासारखी होईल. न आलेला रुग्ण बरा झाला, कंटाळला, की भाड्याला पैसे नव्हते? दूरध्वनीवरून दोन मिनिटांत हे कळू शकते, आणि त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही.

बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी प्रत्येक रुग्णाचा वर्षभर मागोवा घेऊन अंतिम परिणाम लिहिण्याचा आग्रह धरला होता. स्वतःच्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ दरम्यान बाहेर पडलेल्या ३३७ रुग्णांच्या नोंदींत त्यांनी १२३ चुका मोजल्या आणि त्या छापल्याही. समव्यवसायिकांस ते रुचले नाही. देणगीदारांपुढे असा तक्ता ठेवण्यास धैर्य लागते, हे आम्ही जाणतो.

येत्या वर्षापासून फिजिओथेरपी विभागाच्या तक्त्यात मानदुखीसाठी तीन रकाने राहतील: सुधारणा झाली, झाली नाही, कळले नाही. टक्केवारी काढताना पहिल्या दिवशी नोंदलेले सर्व रुग्ण छेदस्थानी धरले जातील, आणि तिसरा रकाना वगळला जाणार नाही.